हाडात कुठं पू होतो का?

काल तू नागपूरहून फोन केलास आणि पहिलंच वाक्य, “ताई, पोराच्या हाडात पू झाला म्हणतात. हाडात कुठं पू होतो का?” होतो गं. माझ्या लेकाला झालं तेव्हा मलाही पटलं नव्हतं. आपल्याला वाटतं, फोड यायचा तो मांसाला. हाड म्हणजे वाळलेलं लाकूड. पण मटणातल्या नळीवरून आपल्या घरी पोरं भांडतात ना, त्या नळीतला मऊ मगज आठव. हाड आतून जिवंत असतं, त्यात रक्त खेळतं. वाढत्या पोरांच्या लांब हाडांच्या टोकाशी, म्हणजे गुडघ्याजवळ वगैरे, हे रक्त हळू वाहतं. तिथं जंतूला बसायला जागा मिळते. पू झाला तरी हाडाला फुगता येत नाही, म्हणून ठणका असा की पोरगं चादरीचा स्पर्शही सोसत नाही. आतला दाब वाढला की रक्तपुरवठा तुटतो आणि हाडाचा तेवढा तुकडा मरतो. औषध पोचायचं ते रक्तातूनच, मग मेलेल्या तुकड्यापर्यंत ते जाणार कसं? म्हणून डॉक्टर ऑपरेशन करून साफ करूया म्हणतात. घाबरवायला नाही म्हणत.

आता तुझ्या पोरालाच का, तर त्याला सिकलसेल आहे म्हणून. आपण धान कापतो त्या विळ्यासारख्या वाकलेल्या रक्तपेशी बारीक नसांमध्ये अडकतात. हाडाच्या लहान लहान जागा रक्ताविना मरतात, आतड्याचं अस्तर दुखावतं, आणि जंतू गाळणारी पाणथरी तर अशा पोरांची लहानपणीच निकामी होते. म्हणून एरवी स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू हाडात शिरतो, पण सिकलसेलच्या पोरांमध्ये साल्मोनेलाही बराच सापडतो. टायफॉइडवाल्यांच्या खानदानातला आहे तो.

तुझ्या सासूबाई म्हणतात ना, हे माहेरून आलं? आई-बाप दोघांकडूनही आलं तरच मूल सिकलसेलग्रस्त होतं; दोघंही वाहक असले तर दर खेपेला चारात एक शक्यता. अर्धं तुझं, अर्धं त्यांच्या लेकाचं. आणि आपल्याकडे हे आजचं नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्येच मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहून ठेवलंय. नागपूरचे संपत रामटेके या रुग्णांसाठी आयुष्यभर झटले. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. लपवायचा आजार असता तर हे झालं असतं का?

खरं सांगू का, उशीर तू केला नाहीस, मी केला होता. माझ्या लेकाची नडगी दुखायला लागली ती ऐन धानाच्या रोवणीत. बांधीत चिखल तयार, बाया सांगून ठेवलेल्या. मी म्हटलं, सिकलसेलचं नेहमीचंच दुखणं. टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल कोमट करून दोन वेळा चोळलं. तो किंचाळायचा आणि मी म्हणायची, “तेल मुरतंय!” हस, हस. ती बाटली अजून आहे, दाराच्या बिजागरीला घालते. वर ताप आला की मी पॅरासिटामॉल देऊन तो उतरवायची आणि मग डॉक्टरकडे न्यायची. तिथं ताप नाहीच! एक्स-रे काढला, तोही स्वच्छ. मी मनातल्या मनात पेढे वाटले. पुढे कळलं, पहिले दहा-पंधरा दिवस एक्स-रेमध्ये हे बहुधा दिसतच नाही. एमआरआय आणि रक्त तपासलं तेव्हा चोर सापडला.

नेहमीचं दुखणं बरेचदा हातापायांत, पाठीत फिरतं, पाणी आणि गोळ्यांनी काही दिवसांत उतरतं. हाडातल्या पूचं दुखणं मात्र एका जागी मुक्काम करतं. ती जागा गरम लागते, सुजते, पोरगं पाय टेकत नाही, ताप हटत नाही. तरी दोन्हीत फरक करणं डॉक्टरांनाही जड जातं, तेव्हा घरी बसून निदान तू करू नकोस. अशा पोराला १०१ च्या वर ताप म्हणजे त्याच दिवशी दवाखाना, मग बांधी वाट पाहील. आणि ‘सिकलसेल आहे’ हे केसपेपर काढतानाच सांगायचं. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी कल्चरसाठी रक्त घेतात ते यासाठी की नेमका जंतू कळावा, तेव्हा “किती रक्त काढता!” म्हणून सिस्टरशी भांडू नकोस. मी भांडले होते.

सहा आठवडे औषध ऐकून तुझ्या पोटात गोळा आला, कळतंय. पण तिसऱ्या आठवड्यात पोरगं क्रिकेट मागेल आणि तुला वाटेल झालं की बरं. तिथंच फसू नकोस. अर्धवट सोडलं तर जंतू हाडात दबा धरून बसतो, मग महिन्यांनी तिथंच जखम वाहते. माझ्या लेकाच्या नडगीवर टाक्यांचा व्रण आहे आणि तो परवा लाखनीच्या बाजारातून पाच किलोची पिशवी घेऊन चालत आला, न कुरकुरता (हे खोटं, कुरकुरला, पण आला).

घरी आल्यावर पाणी उकळूनच दे आणि भरपूर दे. बाजारातली उघडी पाणीपुरी बंद, अंडं पूर्ण शिजलेलं. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध आणि राहिलेल्या लसी यांबद्दल डॉक्टरांना आठवणीनं विचार. शाळेत कळव, सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, त्यामुळे दिव्यांग दाखल्याचं काम मागे लाव. एस.टी.त सिकलसेलच्या रुग्णांना प्रवास सवलत असते, फेरतपासणीच्या खेपा आहेत तेव्हा कागद काढून ठेव.

आज मात्र दोन वेळा जेव. डबा मी भावाच्या हाती पाठवतेय, भात आणि बोजारा. एका वहीत ताप, गोळीची वेळ आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहीत जा. राउंडच्या वेळी आपलं डोकं हमखास कोरं होतं बघ. आणि त्याला फोन दे थोडा वेळ. मला त्याच्याशी बोलायचंय, तेलाची गोष्ट मीच सांगेन.