परदेशात केअरगिव्हरचं काम: पैसे देण्याआधी करायची पडताळणी

वृद्ध आणि आजारी माणसांची घरी राहून काळजी घेणाऱ्यांना परदेशात मागणी आहे, ही गोष्ट खरीच आहे. मे २०२३ मध्ये भारत आणि इस्रायल यांच्यात ४२ हजार कामगारांचा करार झाला, त्यात सुमारे ८ हजार जागा शुश्रूषेच्या होत्या. जपानशी २०२१ मध्ये कुशल कामगारांबाबत करार झाला, त्यातही हे काम आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला. मागणी खरी म्हणूनच फसवणारेही याच कामाचं नाव घेतात. ब्युरोमार्फत पेशंट सांभाळणारी मावशी, जीडीएचा (जनरल ड्यूटी असिस्टंट) कोर्स केलेली मुलगी, घरचं कर्ज फेडायला निघालेला तरुण, सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर ती जाहिरात येतेच.

या फसवणुकीत क्रम नेहमी उलटा असतो: आधी पैसे, नंतर कागद, आणि खातरजमा कधीच नाही. खालच्या पायऱ्यांनी तो क्रम सरळ होतो. एकही पायरी गाळू नका. सातव्या पायरीआधी कोणालाही रुपया देऊ नका.

हाताशी ठेवा: पासपोर्ट, शिक्षणाचे दाखले, कोर्सचं सर्टिफिकेट, एक वही आणि घरातलं एक शहाणं माणूस. एजंटशी होणारं प्रत्येक बोलणं त्या माणसासमोर करा. तारीख, फोन नंबर आणि काय ठरलं ते वहीत लिहा.

१. त्या देशाचा रस्ता उघडा आहे का, ते पाहा.
ब्रिटनने केअर वर्करची परदेशातून नवी भरती २२ जुलै २०२५ पासून बंद केली आहे. त्यामुळे आज कोणी ‘यूके केअर होम, डायरेक्ट व्हिसा’ म्हणत असेल तर पुढचं ऐकायचंच कारण नाही. जपानला शुश्रूषेच्या कामासाठी नव्याने जायचं तर जपानी भाषेची परीक्षा, शुश्रूषेच्या जपानीची वेगळी परीक्षा आणि कौशल्य चाचणी द्यावी लागते. ‘परीक्षा नाही, भाषा नाही, थेट जॉइनिंग’ असं कोणी सांगितलं, तर त्या देशाचा नियम आणि ही जाहिरात यांपैकी एक खोटं आहे. नियम त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर वाचता येतो. इंग्रजी जड जात असेल तर कॉलेजात जाणाऱ्या भाच्या-पुतणीला शेजारी बसवा.

२. पासपोर्टवर ईसीआरचा (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) शेरा आहे का, ते बघा.
दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे हा शेरा असतो. सौदी, कुवेत, ओमान, कतार, संयुक्त अरब अमिराती यांच्यासह १८ देशांत कामाला जायचं तर अशा लोकांना सरकारी मंजुरी लागते. तिला एमिग्रेशन क्लिअरन्स म्हणतात. ईसीआर पासपोर्ट असलेल्या ३० वर्षांखालच्या महिलेला या देशांतल्या नोकरीसाठी ही मंजुरी मिळत नाही. तिथे एजंट एकच पळवाट सुचवतो: ‘टुरिस्ट व्हिसावर चला, तिकडे बदलून देतो.’ व्हिझिट व्हिसावर गेलेल्या बाईजवळ करार नसतो, विमा नसतो, आणि तक्रार करायला गेली तर तीच कायदा मोडणारी ठरते.

३. एजंटची नोंदणी तपासा.
परराष्ट्र मंत्रालयाचं ‘ई-मायग्रेट’ नावाचं पोर्टल आहे. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदलेल्या भरती एजंटांची यादी त्यावर असते. तिथे नाव शोधा आणि नोंदणी चालू आहे की निलंबित, रद्द किंवा मुदत संपलेली, ते पाहा. तक्रारी आलेल्या बेकायदा एजंटांची वेगळी यादीही तिथेच मिळते.

भिंतीवरच्या फ्रेम बघून भुलू नका. गुमास्ता लायसन्स, जीएसटी नंबर, उद्यम नोंदणी, आयएसओचं सर्टिफिकेट यांपैकी एकानेही माणसं परदेशी कामाला पाठवायची परवानगी मिळत नाही. ‘आमचं मुंबईच्या मोठ्या फर्मशी टायअप आहे’ असं सांगणाऱ्या गावातल्या सब-एजंटला त्या फर्मचं नाव विचारा. मग फर्मचा नंबर पोर्टलवरून घ्या, त्याने दिलेला नको. फोन लावून विचारा: हा माणूस तुमचा आहे का?

४. ऑफर लेटर ओळ न् ओळ वाचा.
खोट्या पत्राचा साचा ठरलेला असतो. वर एखाद्या नर्सिंग होमचा रंगीत लोगो, खाली गोल शिक्का. मधे गलेलठ्ठ पगार, राहणं-जेवण मोफत, विमानाचं तिकीट मोफत. शेवटी एक ओळ: ‘जागा राखून ठेवण्यासाठी ४८ तासांत फाइल चार्ज भरावा.’ आता नसलेल्या गोष्टी शोधा. कामाचे तास नाहीत, सुटीचा दिवस नाही, कोणत्या रुग्णाची किंवा कोणत्या घरची काळजी घ्यायची ते नाही, सही करणाऱ्याचं पूर्ण नाव नाही. ईमेल जीमेलवरचा आहे, किंवा संस्थेच्या खऱ्या पत्त्यात एखादं अक्षर जास्त घातलेलं आहे. आणि मुलाखत? व्हॉट्सॲपवरच्या चार मेसेजांत उरकलेली. आपला आजारी बाप अनोळखी माणसाच्या हाती सोपवणारं कुटुंब तुमचा चेहरा पाहिल्याशिवाय नोकरी देईल का, एवढंच स्वतःला विचारा.

५. मालकाला थेट गाठा.
पत्रावरचा फोन लावू नका. संस्थेचं नाव इंटरनेटवर शोधा, तिच्या वेबसाइटवरचा नंबर किंवा ईमेल घ्या आणि पत्राची प्रत पाठवून ‘हे तुम्ही दिलं आहे का?’ असं विचारा. ज्याने कागद आणून दिला त्याची ग्वाही चालत नाही, ज्याने तो काढला त्याचीच चालते.

६. करार हातात घ्या.
मालकाचं नाव-पत्ता, पद, त्या देशाच्या चलनातला पगार, कामाचे तास, साप्ताहिक सुटी, राहण्याची सोय, आजारपणाचा खर्च आणि परतीचं तिकीट हे सगळं त्यात लिहिलेलं हवं. कोऱ्या कागदावर किंवा न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका. मूळ पासपोर्ट द्यावाच लागला तर लेखी पोच घ्या.

७. आता पैशाचं बोला.
नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये. कोणी दोन-तीन लाख मागत असेल तर तो कायद्याबाहेर गेलाच. रक्कम फर्मच्या बँक खात्यात भरा आणि पावती घ्या. कोणाच्या बायकोच्या, मेव्हण्याच्या किंवा ड्रायव्हरच्या यूपीआयवर एक रुपयाही नको. काही खर्च तर तुमचा नसतोच: कॅनडात परदेशी कामगार आणण्याच्या परवानगीची १००० डॉलर फी मालकाने भरायची असते. ती कामगाराकडून वसूल करायला मनाई आहे.

८. निघण्याआधी.
व्हिसाची प्रत हाती आली की त्यावर नोकरीचा प्रकार, तुमचं नाव आणि मालकाचं नाव करारातल्यासारखंच आहे का ते जुळवा. एमिग्रेशन क्लिअरन्स लागणाऱ्यांना प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा घ्यावा लागतो. दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाखांचं संरक्षण. पासपोर्ट, व्हिसा, करार आणि पावत्यांचा एक संच घरी ठेवा.

९. पैसे गेलेच असतील तर.
लाजेपोटी गप्प बसू नका. ऑनलाइन पैसे दिले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता कमी. चॅट, पावत्या, कॉलची नोंद पुसू नका. पोलिस ठाण्यात फसवणुकीची तक्रार द्या. एमिग्रेशन क्लिअरन्स देणाऱ्या ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या सरकारी अधिकाऱ्याचं मुंबईतलं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे, तिथेही लेखी कळवा. प्रवासी भारतीय सहायता केंद्राची १८०० ११ ३०९० ही हेल्पलाइन मोफत आहे. परदेशात अडकलेल्यांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे. घरच्यांनाही त्यावर तक्रार नोंदवता येते.

या सगळ्या पडताळणीला चार-आठ दिवस लागतात. खरा मालक तेवढं थांबतो, कारण त्यालाही विश्वासाचं माणूस हवं असतं. ‘आजच भरा, नाहीतर जागा गेली’ म्हणणाऱ्याला ती जागा खुशाल दुसऱ्याला देऊ द्या, आणि त्याचा नंबर तुमच्या ब्युरोतल्या, वस्तीतल्या बाकीच्या बायकांनाही सांगून ठेवा.