मांसाहार: देह, भूमी आणि शेजारी

पाठ: १ करिंथ, अध्याय ८, रोम, अध्याय १४

ख्रिस्ती मनुष्याने मांस खावे किंवा न खावे, हा प्रश्न गावोगावच्या मंडळ्यांत पुनः पुनः निघतो. करिंथ येथील मंडळीतही तो निघाला होता. तेथील बाजारात मूर्तीपुढे वाहिलेले मांस विकले जात असे. पौलाने उत्तर दिले त्याचे सार असे की, अन्नामुळे कोणी देवाजवळ जात नाही व दूरही होत नाही. तथापि आपल्या खाण्याने दुर्बळ बंधूस ठेच लागत असेल, तर प्रीतीस्तव ते सोडावे. हा नियम हाती धरून आपण आपल्या तालुक्याकडे पाहू.

देऊळगाव राजा हे बालाजीच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध आहे. त्याच तालुक्यातील मेहुणा राजा हे संत चोखामेळ्याचे जन्मस्थान होय, अशी परंपरा आहे. खडकपूर्णा धरणाच्या जलाशयास त्याचेच नाव दिले आहे. चोखोबा ज्या महार समाजात जन्मले, त्याच्याकडे मेलेली जनावरे ओढून नेण्याचे काम गावाने लावून दिले होते. त्या जनावराचे मांस हा त्या श्रमाचा मोबदला समजला जाई. ज्या गावाने हे काम करविले, त्याच गावाने ते करणाऱ्यास विटाळ मानिले. सबब आपल्या वाडवडिलांनी ते मांस खाल्ले म्हणून कोणी लाजू नये व कोणी त्यांस हिणवूही नये. भूक आणि रूढी या दोहोंनी ते त्यांच्या ताटात वाढले होते.

१९२७ च्या मार्च महिन्यात महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचा आग्रह धरिला. मनुष्याने उरलेसुरले स्वीकारून जगू नये, स्वाभिमानाने जगावे, हे त्यातील मर्म होते. मोशेच्या नियमशास्त्रातही आपोआप मेलेले जनावर खाण्याविषयी इशारा आहे.

आता देहाचा विचार करू. जनावर रोगाने मेले की त्याचा रोग मांसात व रक्तात राहतो. गुरांस फाशी नावाचा रोग होतो. तोच माणसांस झाला म्हणजे काळपुळी म्हणतात. असे जनावर सोलताना हाताच्या जखमेतून रोग शिरतो, आणि त्याचे बीज इतके चिवट असते की साध्या शिजविण्याने ते मरेल असा भरवसा धरवत नाही. जनावर अकस्मात मेले व नाकातोंडातून रक्त आले, तर ते उघडू नये; पशुवैद्यास कळवावे.

ताज्या, निरोगी मांसाची गोष्ट निराळी आहे. त्यातील लोह शरीरास लवकर लागू पडते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगी रक्त कमी आढळले. म्हणून घरात मांस किंवा अंडे आले, तर ते प्रथम पुरुषांच्या ताटात जाऊ नये. गरोदर स्त्रीस व लेकरांस त्याचा वाटा मिळावा. जे मांस खात नाहीत, त्यांनी डाळ व पालेभाजीबरोबर लिंबू घ्यावे आणि जेवणालगत चहा टाळावा. अतिरेक मात्र हितावह नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ साली खारविलेले व डबाबंद मांस कर्करोगास कारण होते असे ठरविले, आणि गाय, बकरा, डुक्कर यांचे तांबडे मांस संभाव्य कारणांत धरिले.

भूमीचाही हक्क आहे. जगाचा सरासरी हिशेब असा की, एक किलो गोमांसामागे सुमारे १५,४०० लिटर, कोंबडीच्या मांसामागे ४,३०० लिटर व डाळीमागे ४,००० लिटर पाणी लागते. यात पावसाचे पाणीही धरले आहे. शिवाय मेलेले गुरू गिळून गाव स्वच्छ ठेवणारी गिधाडे आज दिसेनाशी झाली. गुरांस दिलेल्या डायक्लोफेनॅक या औषधाने त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, म्हणून २००६ साली गुरांसाठी ते औषध वापरण्यास बंदी झाली. एका जिवास दिलेले औषध दुसऱ्याच्या पोटी विष होऊन जाते, हे लक्षात ठेवावे.

शेवटी शेजारी. राज्यात गाईच्या कत्तलीस १९७६ च्या कायद्याने बंदी होती. २०१५ च्या दुरुस्तीने बैल व वळूही त्यात आले, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैदेची झाली. कायदा मोडू नये. पण रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा उपदेश दोहों बाजूंस लागू आहे: खाणाऱ्याने न खाणाऱ्यास तुच्छ लेखू नये, आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. ज्या शेजाऱ्याच्या मनास मांसाचा वास दुखवितो, त्याच्या दारी तो नेण्यात पुरुषार्थ नाही. आणि ताटावरून माणसाची जात व योग्यता ठरविणे हे तर मोठेच पाप होय.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न:
१. आमच्या घरी सर्वांत चांगला घास कोणाच्या ताटात जातो?
२. गावात जनावर मेले, तर आम्ही कोणास कळवितो?
३. कोणाच्या अन्नावरून आम्ही त्यास मनात हलके लेखितो काय?