हिंजवडी-लवळ्यात व्यापाराचं अर्थशास्त्र: फी भरण्याआधी

मुळशी तालुक्यात आंतरराष्ट्रीय व्यापार शिकायचा म्हटलं की दोन नावं पुढे येतात: हिंजवडीतली सिंबायोसिसची एसआयआयबी आणि लवळ्याचं फ्लेम विद्यापीठ. दोन्हीकडे मिळणारं शिक्षण मात्र वेगळं आहे. एसआयआयबीत आंतरराष्ट्रीय व्यवसायातली एमबीए होते, तर फ्लेममध्ये पदवीला अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेता येतो. तुलनात्मक लाभाचा सिद्धांत किंवा आयातशुल्काचा बोजा शेवटी कोण उचलतो, हे शिकायचं असेल, तर सविस्तर अभ्यासक्रम मागून घ्या आणि त्यात व्यापार सिद्धांताला किती तास दिलेत ते पाहा. नुसत्या नावावर लाखो रुपये भरू नका.

सिंबायोसिससाठी खर्च प्रवेशपरीक्षेपासूनच सुरू होतो. २०२४ च्या ‘स्नॅप’ या प्रवेशपरीक्षेला प्रत्येक प्रयत्नाचे २,२५० रुपये आणि प्रत्येक अभ्यासक्रमाचे वेगळे १,००० रुपये होते. तीन प्रयत्न आणि एकच अभ्यासक्रम धरला, तरी ७,७५० झाले.

माहितीपत्रकातला ठळक आकडा पाहून हिशेब मांडू नका. वसतिगृह, मेस, अनामत आणि दुसऱ्या वर्षीची संभाव्य वाढ यांसह एमबीएच्या दोन्ही वर्षांचा एकूण आकडा लेखी मागा. अभ्यासक्रम निवासी असेल, तर घर बाणेरला असलं तरी वसतिगृहाचे पैसे भरावे लागतात का, हेही विचारा.

कर्ज काढणार असाल, तर साडेसात लाखांच्या वर बँका सहसा तारण मागतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी विनातारण कर्ज मिळतं. आपली संस्था त्या यादीत आहे का, ते आधी बघा.

केंद्र सरकारच्या ‘स्वयं’ या ऑनलाइन मंचावर अर्थशास्त्राचे अभ्यासक्रम फुकट ऐकता येतात. विषय झेपतो का, आवडतो का, हे तिथेच कळतं. मोठी रक्कम गुंतवण्याआधी एक सत्र त्यासाठी द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

प्रवेश रद्द करायची वेळ आली, तर यूजीसीची २०१८ ची अधिसूचना हाताशी ठेवा. प्रवेशाच्या अधिकृत अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी रद्द केल्यास जास्तीत जास्त ५,००० रुपये कापून बाकी फी परत मिळते. त्यानंतर पण त्या तारखेपूर्वी ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० आणि ३० दिवसांपर्यंत ५० टक्के. पुढे काहीच नाही. अनामत मात्र पूर्ण परत मिळायला हवी. मूळ गुणपत्रिका संस्थेला ठेवून घेता येत नाहीत; पडताळणी झाली की तिथल्या तिथे परत मागा.