गंगावतरण आधी झाकून पाहा

राजा रविवर्मांचं ‘गंगावतरण’ घरात असेल, तर ते भिंतीवरून उतरवून खिडकीपाशी ठेवा, पण उन्हात नको. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये घाटकोपरला निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथले ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखे दिसणारे रंगीत छाप, देशभर पोचले. बंगळूरच्या जुन्या घरांतही ते सापडतात.

पहिल्यांदा फ्रेमच्या पट्टीखाली दबलेली कड पाहा. तिथला निळा रंग मधल्या निळ्याशी जुळत नसेल, तर आकाशातली संध्याकाळ चित्रकाराची नाही. रंग उडालाय किंवा वार्निश पिवळं पडलंय. जर-टिकल्या लावलेल्या असतील, तर ती हौस घरातल्यांची. त्यात प्रतीकं शोधू नका.

मग कागदाने आकृत्या झाका. उरलेल्या डोंगरात नि आभाळात उजेड कुठून येतो, झाडोरा किती, खडक किती, हे पाहून मनात येईल तो एकच शब्द लिहा. ‘भव्य’ लिहू नका, तो कुठल्याही डोंगराला चालतो.

आता कागद काढा आणि फक्त नजरा पाहा. शंकर पाय रोवून वर बघतोय. भगीरथ आर्जवात. पार्वती नंदीला टेकून उभी. येणारी गंगा तिची सवत आहे, हेही विसरू नका! गंगा अजून अधांतरी. आपल्या लोंढ्याने शंकराला पाताळात लोटायचा तिचा बेत रामायणात सांगितलाय. म्हणजे चित्र आदळण्याच्या आधीच्या क्षणाचं आहे. इथला भाव शांत नाही, ताणलेला आहे. तुमचा शब्द याच्याशी जुळतो का? न जुळल्यास तो खोडू नका, शेजारी दुसरा लिहा.

प्रतीकं सगळ्यांत शेवटी. प्रत्येक वस्तू मनातल्या मनात पुसून बघा. व्याघ्रचर्म पुसलं तरी प्रसंग तोच राहतो. ती नुसती ओळखीची खूण. जटा पुसल्या की कथाच कोसळते. अर्थ तिथे आहे.

नंतर बंगळूरच्या कुमारकृपा रस्त्यावरच्या चित्रकला परिषदेत जाऊन चित्रकार रोरिखांचा हिमालय पाहा. मला रविवर्मांचा डोंगर नाटकाच्या मागच्या पडद्यासारखा वाटतो: पात्रांसाठी टांगलेला. रोरिखांकडे डोंगरच पात्र होतो, आणि झाकायला बहुधा काही उरत नाही. तिथे नजरांची पायरी गाळा. रंगांपाशी दुप्पट वेळ थांबा.