हालचालीवरून ओळखा मनाचे दुखणे



गोठ्यातला बैल आजारी पडला तर तो बोलून सांगत नाही. तरी मान टाकलेली, कान पडलेले, रवंथ थांबलेला पाहून आपण ओळखतो. मग घरातल्या माणसाची चाल बदलली, तर त्याला आळशी का म्हणतो?

मनाचे दुखणे प्रत्येकाला शब्दांत सांगता येत नाही. शरीर मात्र काही ना काही सांगत असते. नृत्योपचार करणारे हेच पाहतात. १९४२ साली मेरियन चेस या नर्तकीने वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात हे काम सुरू केले. न बोलणाऱ्या रुग्णाने नुसता हात हलवला, तरी ती तशीच हालचाल करून त्याच्याशी नाते जोडी.

हालचाल कशी पाहावी, याची पद्धत रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) यांनी घालून दिली. त्यांनी सांगितलेल्या चार गोष्टी अशा:

१. जोर: पाऊल दमदार पडते की ओढल्यासारखे?
२. वेग: काम घाईचे की अतिशय संथ?
३. रोख: हात व नजर कामावर असतात की भरकटतात?
४. ओघ: अंग मोकळे आहे की आखडलेले?

खोल उदासीनतेत बहुधा पाऊल मंदावते, चालताना हात फारसे हलत नाहीत, खांदे झुकतात. उन्मादात माणूस एका जागी बसत नाही. काही आजारांत तो तासन्‌तास एकाच स्थितीत राहतो, खातपीतही नाही. अशाला लगेच दवाखान्यात न्यावे.

पण सावध! एवढ्यावरून आजाराचे नाव ठरवू नये. मनाच्या आजारावरील काही औषधांनीही अंग आखडते, हात कापतात, पाय अस्वस्थ होतात. थायरॉईडच्या विकारातही चाल मंदावते. फवारणीनंतर घाम, लाळ, थरथर दिसली तर ती विषबाधा समजून तत्काळ रुग्णालय गाठावे. म्हणून नृत्योपचारकही एकदा पाहून निकाल देत नाही. तो पुन्हा पुन्हा पाहतो आणि निदान डॉक्टरांवर सोपवतो.

आपण काय करावे? माणसाची तुलना शेजाऱ्याशी नको, त्याच्या स्वतःच्या पूर्वीच्या वागण्याशी करावी. गेल्या हंगामात कापूस वेचताना सर्वांच्या पुढे असणारी सून यंदा सरीच्या टोकाला बसून राहते काय? झोप, जेवण, बोलणे बदलले काय? दोन आठवडे असेच चालले, तर पाहिलेले वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावे. ती मरणाची भाषा बोलू लागली, तर दोन आठवडे थांबू नये. तिला एकटे सोडू नये, कीटकनाशके कुलपात ठेवावीत.

तरसालीकरांना कारेलीबागेतील सरकारी मानसिक रुग्णालय आणि सयाजी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग जवळ आहेत. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. भूतबाधा समजून कोणाला बांधून ठेवू नका. २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णाला साखळदंड घालण्यास मनाई आहे. प्रार्थना अवश्य करा, पण औषध थांबवू नका.

अभ्यासासाठी: आज संध्याकाळी शेतावरून परतताना आपल्या माणसांची चाल पाहा. कोणाची बदलली आहे? त्याच्याजवळ बसून विचारा, “बरं वाटत नाही का रे?”