क्लबचं सदस्यत्व: प्रवेश फीच्या पलीकडचा हिशेब

जिमखान्याची मेंबरशिप घ्यायची म्हटलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो प्रवेश फी किती, हा. तो विचारायलाच हवा. पण खरा खर्च त्याच्या पुढे सुरू होतो, आणि त्यातला काही भाग पावतीवर कधी छापलेलाच नसतो.

आधी आकडेमोड करू. समजा, क्लबची प्रवेश फी 10 लाख रुपये आहे. तिच्यावर 18 टक्के जीएसटी धरला की 11 लाख 80 हजार गेले. बहुतेक क्लबांत हे पैसे परत मिळत नाहीत, सदस्यत्व विकताही येत नाही. तीच रक्कम 7 टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवली असती तर वर्षाला 82,600 रुपये व्याज आलं असतं. ते बुडालेलं व्याज दरवर्षीचा खर्च म्हणून धरा. मासिक वर्गणी 2,500 रुपये असेल तर जीएसटीसह 2,950, म्हणजे वर्षाचे 35,400. बेरीज झाली 1 लाख 18 हजार. आठवड्यातून एकदा गेलात तर एक खेप सुमारे 2,270 रुपयांना पडते, आणि त्यात चहा-नाश्ता धरलेला नाही. वर्षातले 300 दिवस पोहायला किंवा बॅडमिंटन खेळायला जाणाऱ्याला मात्र तीच खेप 393 रुपयांत पडते. तेव्हा फॉर्म आणण्याआधी, आपल्या घरातलं कोण आणि किती वेळा खरोखर जाणार आहे, हे प्रामाणिकपणे ठरवा. फी आणि वर्गणीच्या जागी तुमच्या क्लबचे आकडे घाला, रीत हीच राहील.

बारीक खर्च नियमावलीत दडलेले असतात, म्हणून माहितीपत्रकावर भागवू नका, नियमावलीच मागून घ्या. काही क्लबांत दरमहा ठरावीक रकमेचं खाणंपिणं सक्तीचं असतं. खाल्लं नाही तरी बिल येतं. पाहुण्यांचं शुल्क, लॉकर, प्रशिक्षकाची फी वेगळी. इमारतीच्या दुरुस्तीसाठी सदस्यांकडून जादा वर्गणी कधी आणि किती घेता येते, तेही वाचा. मुलांचं कलम तर नीटच वाचा. ठरावीक वयानंतर, कुठे 21 तर कुठे 25, मुलाला स्वतःचं सदस्यत्व घ्यावं लागतं. तेव्हा त्याला सवलत मिळते का, आणि सदस्याच्या मृत्यूनंतर जोडीदाराचं काय होतं, याची उत्तरं लेखी घ्या.

प्रतीक्षायादी असेल तर अर्जासोबतच्या रकमेवर व्याज मिळतं का आणि अर्ज मागे घेतल्यास ती किती दिवसांत परत येते, हेही विचारा. दिल्ली जिमखान्याचं प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापर्यंत गेलं, त्यात अर्जदारांकडून आगाऊ पैसे घेऊन त्यांना वर्षानुवर्षं ताटकळत ठेवल्याचाही आरोप होता. 2022 मध्ये न्यायाधिकरणाने सरकारला तिथे संचालक नेमण्याची मुभा दिली.

आता पावतीवर न येणारी किंमत. जुन्या क्लबांत अर्जावर प्रस्तावक आणि अनुमोदक म्हणून जुन्या सदस्यांच्या सह्या लागतात. नंतर तुमचं नाव सूचनाफलकावर लागतं, कुणाचा आक्षेप आहे का ते पाहिलं जातं. मग समिती तुम्हाला, बऱ्याचदा जोडीदारासह, भेटायला बोलावते. नकार आला तर कारण सांगण्याचं बंधन ती मानत नाही. ज्यांचे वडील-आजोबा सदस्य होते त्यांना या सह्या घरबसल्या मिळतात. पहिल्या पिढीत चांगली कमाई करणाऱ्या डॉक्टरला किंवा कंत्राटदाराला पैसे उभे करणं एक वेळ सोपं, या दोन सह्या अवघड. सह्या मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. ज्याच्याशी व्यवहाराचं देणंघेणं आहे अशा माणसाकडेही सही मागू नका, तो उपकार पुढे महागात पडतो. नोकरीत असाल तर कंपनीच्या नावाचं सदस्यत्व आहे का ते पाहा. मात्र नोकरी सुटली की तेही सहसा सुटतं.

क्लबचं दार कुणासाठी किती उघडायचं, हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. 1875 मध्ये स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना गोऱ्यांचा होता. पारशी, हिंदू आणि मुस्लिम समाजांनी मग आपापले जिमखाने उभारले, पण भेद तिथेही शिरला. चर्मकार समाजातले पळवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदान राखायचे आणि सरावाला गोलंदाजी टाकायचे. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांची गोलंदाजी हवी म्हणून त्यांना घेतलं. चहाच्या वेळी मात्र इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये कपातून चहा प्यायचे आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात मिळायचा. 1906 मध्ये हिंदू संघाने बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर युरोपियनांना हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता.

म्हणून क्लब पाहायला जाल तेव्हा तलाव आणि टेनिस कोर्टाबरोबर आणखी काही गोष्टी पाहा. मुलाला सांभाळायला आलेल्या ताई कुठे बसतात? त्यांना कॅन्टीनमध्ये पाणी मिळतं की फाटकाबाहेर जावं लागतं? ड्रायव्हरसाठी स्वच्छतागृह आहे का? आपली मुलं तिथे पोहण्याबरोबर माणसांशी वागणंही शिकणार आहेत. या प्रश्नांची उत्तरं वाईट असतील तर, फी परवडत असली तरी, त्या क्लबात मुलांना घालू नका असंच मी सांगेन. पोशाखाचे नियमही आधी विचारा. 2014 मध्ये चेन्नईच्या एका क्लबाने वेष्टी नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना आत सोडलं नाही, तेव्हा तमिळनाडूने अशा बंदीविरुद्ध कायदाच केला.

क्लबची जमीन कुणाची, हेही पाहा. मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे जिमखाने सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्याने आहेत. तुमचा क्लबही तसाच असेल तर पट्टा कधी संपतो, हे पैसे भरण्याआधी विचारा.

फक्त पोहायचं असेल तर आधी दादरच्या महापालिकेच्या तलावासारखी सार्वजनिक जागा पाहा. व्यायामाला शिवाजी पार्कचं श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. तिथे कुणाच्या शिफारशीची गरज नाही.

मॉलमध्ये कूपन भरलं की फोन येतो, ‘तुम्हाला बक्षीस लागलंय, दोघं मिळून या.’ हे ‘कंट्री क्लब’ प्रकरण जिमखान्यापेक्षा अगदी वेगळं. इथे ओळख लागत नाही, उलट दोन-तीन तास बसवून तिथल्या तिथे कार्ड स्वाइप करून घेण्याची घाई असते. त्या दिवशी सही करू नका, करार घरी आणून वाचा. सुट्टीच्या हंगामात खोली मिळण्याची हमी, वार्षिक देखभाल शुल्क आणि ते वाढवण्याची मर्यादा करारात लिहिलेली नसेल तर तोंडी आश्वासनावर विसंबू नका. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. त्याने काम झालं नाही तर तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. पावत्या, करार आणि विक्रेत्याचे व्हॉट्सॲप संदेश मात्र पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.