'भाणार' आणि 'भंडारा' : मुक्त ज्ञानकोशातील एका विधानाची आधारचिकित्सा

२००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियासारख्या, कोणासही संपादन करता येणाऱ्या कोशात स्थलनामांच्या व्युत्पत्ती सहज शिरतात. त्या बाहेर काढणे मात्र कठीण जाते. एकच विधान अनेक ठिकाणी उतरवले गेले की उताऱ्यांची संख्या हाच आधार समजला जातो. भंडारा हे नाव या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

रतनपूरच्या शिलालेखात भंडाऱ्याचा उल्लेख असल्याचे वारंवार सांगितले जाते, तेही 'इ.स. ११००' अशा ढोबळ सनासह. मूळ लेख कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याचा असून त्यावरील कलचुरी संवत् ८६६ म्हणजे इ.स. १११४ होय. कीलहॉर्न यांनी तो 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडात प्रसिद्ध केला; वा. वि. मिराशी यांनी १९५५ मध्ये कलचुरी लेखसंग्रहात त्याचे पुनःसंपादन केले. जाजल्लदेवाला कर देणाऱ्या मांडलिकांच्या प्रदेशांत वैरागर, लांजिका यांच्या जोडीने 'भाणार' येते. लेखाची साक्ष एवढीच. भाणार म्हणजे आजचे भंडारा, हे अभ्यासकांचे अनुमान. वैरागड व लांजी याच टापूत असल्याने ते सबळ ठरते.

'भाणार'चेच 'भंडारा' झाले, हे मात्र तिसरे व स्वतंत्र विधान आहे. 'वानर'चे 'वांदर' होते ते न व र एकमेकांस भिडल्यामुळे. 'भाणार'मध्ये मध्ये दीर्घ आ आहे आणि तो 'भंडारा'तही टिकून आहे. मग ड कोठून आला? 'भांडार' या परिचित शब्दाची छाया पडली असणे शक्य आहे, पण त्याला पुरावा हवा.

कोशनोंदीत ही तिन्ही विधाने एका वाक्यात गुंफून एकच तळटीप दिली की मिराशींचा अधिकार नकळत व्युत्पत्तीलाही मिळतो. पहिल्या विधानास लेखाचा, दुसऱ्यास अभ्यासकाचा नामनिर्देश पुरेसा. तिसऱ्यापुढे 'संदर्भ हवा' ही खूण राहू द्यावी. नंतरच्या ग्रंथाने जुन्या गॅझेटियरचे वाक्यच उचलले असेल तर संदर्भ दोन दिसले तरी साक्षीदार एकच असतो. पितळी भांड्यांच्या व्यवसायाशी नाव जोडणारी समजूतही वगळू नये. ती लोकसमजूत म्हणूनच नोंदवावी. ड-विषयक आक्षेपही छापील संशोधनात आल्यावाचून संपादकाला स्वतःच्या तर्काने नोंदीत घालता येत नाही. कोशाचा नियम तसा आहे.